अबोल्याला मुदत हवी



स्मृतिव्याख्यान देणाऱ्यापुढे दोन वाटा असतात. ज्यांच्या नावाने ही माला चालते त्यांचे गुण सांगायचे, किंवा त्यांच्या जाण्यामुळे मागे राहिलेल्यांपुढे जो प्रश्न उभा राहतो त्याचा विचार करायचा. गुणवर्णन तुमच्यापैकी अनेक जण माझ्याहून चांगले करतील, म्हणून मी दुसरी वाट धरतो. मृत्यू सांगून येत नाही हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक असते. तरीही ज्यांच्याशी बोलणे तुटले आहे त्यांच्याशी ते पुन्हा सुरू करण्याचे काम आपण वर्षानुवर्षे पुढे ढकलतो. असे का होते? यावर नेहमी एक उत्तर मिळते, की माणसाला मृत्यूचे स्मरण राहत नाही. ते राहिले की तो आपोआप शहाणा होईल. हे उत्तर मला अपुरे वाटते. स्मरण करून देणाऱ्यांची आपल्याकडे कधीच वाण नव्हती. उणीव आहे ती ठरलेल्या वेळेची आणि ठरलेल्या रीतीची. सलोखा मनाच्या उमाळ्यावर सोपवला की तो बहुधा राहूनच जातो. त्याला तारीख लावली तर तो घडण्याची शक्यता तरी निर्माण होते. आज मला एवढेच मांडायचे आहे.

आधी अचानकपणा किती व्यापक आहे ते पाहू. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मृत्युमुखी पडली. म्हणजे दिवसाला साडेचारशेहून अधिक. त्यांतले बहुतेक जण ‘येतो’ म्हणूनच घरातून निघाले असणार. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारी-सास्तूरचा परिसर हादरला, तेव्हा गावे गणपती विसर्जन आटोपून नुकती झोपली होती. ३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातल्या माळीणवर डोंगर कोसळला आणि १५१ माणसे गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर तीच वेळ आली. हे सारे अपवादात्मक आहे, घरच्या अंथरुणावर येणारे मरण तरी सावकाश येते, असे कोणी म्हणेल. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे जगातले साधारण एक तृतीयांश मृत्यू हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होतात आणि त्यांतल्या पुष्कळांना पूर्वसूचनेचा अवधीच नसतो. जे आजार लांबतात तेही बोलायला सवड देतातच असे नाही. पक्षाघात वाचा नेतो, स्मृतिभ्रंश समोरच्याची ओळख पुसतो, व्हेंटिलेटरची नळी घशात असलेल्या माणसाला मनातले सांगता येत नाही. करोनाच्या साथीत महाराष्ट्रात जवळपास दीड लाख मृत्यूंची अधिकृत नोंद झाली. त्यांतल्या कितीतरी जणांच्या खाटेपाशी जायला घरच्यांना परवानगी नव्हती. नाटक-सिनेमांनी आपल्या मनात ठसवलेला शेवटचा प्रसंग, ज्यात सगळा गोतावळा जमतो, जाणारा शुद्धीवर असतो आणि जुनी अढी दोन वाक्यांत सुटते, तो प्रत्यक्षात फार थोड्यांच्या वाट्याला येतो. त्या प्रसंगाच्या भरवशावर आज न बोलणे म्हणजे जी तारीख पंचांगात नाही तिचा मुहूर्त धरून बसणे.

आता स्मरणाकडे वळू. यक्षाने युधिष्ठिराला विचारले की सर्वांत मोठे आश्चर्य कोणते. रोज माणसे मरताना दिसतात, तरी उरलेल्यांना आपण कायम राहणार असे वाटते, असा त्याच्या उत्तराचा आशय आहे. समर्थांनी दासबोधाच्या तिसऱ्या दशकात मृत्युनिरूपणाला एक सबंध समास दिला. बौद्ध परंपरेत मरणस्मृती ही ध्यानाची स्वतंत्र साधना आहे. पुढचा एक घास किंवा एक श्वास एवढ्याच अवधीचा भरवसा धरणाऱ्या भिक्षूंना बुद्धाने जागरूक म्हटल्याचे पाली ग्रंथांत येते. कीर्तनातून, प्रवचनातून, अंत्ययात्रेतून हेच आपल्या कानी येत राहिले. तरी भाऊबंदकी जिथल्या तिथे आहे. याचे कारण आपल्या भाषेने फार पूर्वी ओळखले आणि त्याला स्मशानवैराग्य असे नाव दिले. ही जाणीव खोटी नसते, पण घरी येऊन आंघोळ होईपर्यंत ती ओसरते. मानसशास्त्रातही याला दुजोरा मिळतो. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या लॉरा कार्स्टेन्सन यांचा सिद्धान्त असा, की आपल्याजवळचा वेळ थोडा उरला आहे असे वाटू लागले की माणूस नव्या ओळखींपेक्षा जवळच्या नात्यांना महत्त्व देतो. म्हाताऱ्यांमध्ये हे सहज दिसते. २००३ साली हाँगकाँगमध्ये सार्सची साथ आली तेव्हा तिथल्या तरुणांचीही निवड म्हाताऱ्यांसारखी झाल्याचे हेलन फंग आणि कार्स्टेन्सन यांनी नोंदवले. पण साथ ओसरताच तरुण पुन्हा पहिल्यासारखे वागू लागले. म्हणजे मृत्यूची जाणीव माणसाला माणसाकडे वळवते हे खरे, आणि ती टिकत नाही हेही तितकेच खरे.

याला आणखी एक बाजू आहे आणि ती माझ्या विषयाला अडचणीची आहे. अर्नेस्ट बेकर या विचारवंताच्या १९७३ च्या ग्रंथापासून प्रेरणा घेऊन काही मानसशास्त्रज्ञांनी असे प्रयोग केले की आधी लोकांना मृत्यूची आठवण करून द्यायची आणि मग त्यांचे वागणे पाहायचे. त्यांना आढळले, की अशी आठवण झालेला माणूस पुष्कळदा अधिक ताठर होतो, स्वतःच्या गटाला चिकटतो आणि वेगळ्या मताच्या माणसाशी कठोर वागतो. पुढे या प्रयोगांपैकी काहींची पडताळणी करताना तसेच निष्कर्ष मिळाले नाहीत, तेव्हा त्यांच्यावर सगळी भिस्त ठेवू नये. पण एवढा इशारा पुरेसा आहे, की मृत्यूच्या विचाराने माणूस मऊच होईल अशी खात्री देता येत नाही. स्वतंत्र माणूस मृत्यूचा विचार सर्वांत कमी करतो, असे स्पिनोझाने म्हटले त्यात म्हणूनच तथ्य आहे. रोज सकाळी उठून मरणाची चिंता करा, असा उपदेश मला करायचा नाही. मृत्युपत्र करणारा माणूस रोज मृत्यूचा विचार करत नाही. तो एकदाच विचार करतो, दोन साक्षीदारांसमोर सही करतो आणि मग निर्धास्तपणे जगतो. नात्यांबाबतही अशीच सोय करता येते का, एवढाच प्रश्न आहे.

ही सोय नसली म्हणजे मोठमोठ्या माणसांचेही काय होते याचा दाखला आपल्या इतिहासात आहे. टिळक आणि आगरकर दोघेही १८५६ च्या जुलैतले. डेक्कन कॉलेजात मैत्री झाली, १८८० मध्ये निघालेल्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये दोघे एकत्र आले, पुढे ‘केसरी’ निघाला, कोल्हापूर प्रकरणातील बदनामीच्या खटल्यात दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र काढले आणि १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी उभी राहिली. मग सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर आणि संस्थेच्या कारभारावरून बिनसले. १८८७ मध्ये आगरकरांनी ‘केसरी’ सोडला, १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला. १८९० च्या अखेरीस टिळक सोसायटीतून बाहेर पडले. दोघांच्या पत्रांतून तिखट वाद होत राहिले. १७ जून १८९५ रोजी आगरकर गेले, वयाची ३९ वर्षेही पुरी झाली नव्हती. टिळकांनी ‘केसरी’त मृत्युलेख लिहिला. मित्राबद्दल जे लिहायचे ते लिहिले गेले, फक्त ते वाचायला मित्र नव्हता.

वीस वर्षांनी हेच पुन्हा घडले. १९१४ च्या अखेरीस टिळकांच्या गटाला काँग्रेसमध्ये परत घेण्यासाठी ॲनी बेझंट मध्यस्थी करत होत्या. दुसऱ्या गटाचे नेते गोपाळ कृष्ण गोखले यांनी भूपेंद्रनाथ बसूंना लिहिलेल्या खाजगी पत्रावरून बोलणी फिसकटली आणि १९१५ च्या आरंभी टिळक-गोखल्यांमधला वाद वर्तमानपत्रांत रंगला. तो विरायच्या आतच, १९ फेब्रुवारीला, गोखले वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी वारले. टिळक सिंहगडावरून खाली उतरले आणि स्मशानात त्यांनी गोखल्यांच्या थोरवीचा गौरव केला. काँग्रेसचे दोन्ही गट लखनौला एकत्र आले ते १९१६ च्या डिसेंबरात. यात कोणाचे चुकले हे ठरवण्याचा माझा हेतू नाही. लक्षात घ्यायचे ते एवढेच, की या माणसांकडे बुद्धी होती, मनाचा मोठेपणा होता आणि एकमेकांविषयी आदरही होता. तो आदर व्यक्त व्हायला मात्र प्रतिपक्षाचा मृत्यू व्हावा लागला. एवढ्या थोरांनाही नुसते मन पुरले नाही, तर ते आपल्याला पुरेल असे धरून चालणे धाडसाचे आहे.

सामान्य माणूस अडतो कुठे? तर ‘आधी मी का?’ या प्रश्नापाशी. आपण फोन केला आणि तिकडून थंड प्रतिसाद आला तर काय, ही धास्ती असते. या धास्तीचा अंदाज बहुधा चुकतो. पेगी लिऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले, की दुरावलेल्या परिचिताची आपण चौकशी केली तर त्याला किती बरे वाटेल याचा अंदाज माणसे कमी बांधतात. त्याला प्रत्यक्षात त्याहून पुष्कळ अधिक बरे वाटते. टॉमस गिलोविच आणि व्हिक्टोरिया मेडवेक यांनी गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात पश्चात्तापाचा अभ्यास केला. आपण जे करून बसलो त्याची हळहळ आधी तीव्र असते, पण काळ लोटला की जे करायचे राहिले त्याचीच खंत जास्त उरते, असा त्यांचा निष्कर्ष आहे. फोन करून अपमान झाला तर तो चार दिवसांत बोथट होतो. न केलेला फोन मात्र, समोरचा माणूस गेल्यावर, आयुष्यभर करायचाच राहतो. कार्ल पिलमर यांच्या २०२० च्या अमेरिकी पाहणीत २७ टक्के लोकांनी एका तरी नातेवाइकाशी संबंध तुटल्याचे सांगितले. पुन्हा संबंध जोडलेल्या शंभर जणांशी पिलमर सविस्तर बोलले. त्यांतल्या अनेकांनी एक गोष्ट सोडून दिली होती, ती म्हणजे मागे काय घडले याची आपलीच हकीकत दुसऱ्याने मान्य करावी हा आग्रह. अबोला लांबतो तो बहुतेक वेळा या आग्रहापायी. आधी चूक कबूल कर, मग बोलू, असे दोन्हीकडून म्हटले जाते आणि वर्षे जातात.

आपल्या समाजाने या अडचणीवर एक तोडगा शोधला होता. संक्रांतीला तिळगूळ घेऊन जायचे, दसऱ्याला सोने द्यायला जायचे, भाऊबीजेला बहिणीकडे जेवायला बसायचे. या दिवशी कोण कोणाकडे आधी गेला याचा हिशेब होत नाही, कारण सगळेच जातात. जाणाऱ्याला कारण सांगावे लागत नाही. कारण तिथीने दिलेले असते. चूक कोणाची यावर बोलणे काढायचे नसते. जैन समाजात संवत्सरीला किंवा क्षमावाणीला लहानथोर सगळे एकमेकांची क्षमा मागतात. बाप लेकाची मागतो आणि मालक नोकराची. कोकणातल्या बेने इस्रायली समाजाने पिढ्यान् पिढ्या पाळलेल्या योम किप्पूरबाबत ज्यू धर्मशास्त्राचा दंडक तर याहून कडक आहे. देवाचे अपराध त्या दिवशी फिटतात, माणसाचा केलेला अपराध त्या माणसाची समजूत काढल्याखेरीज फिटत नाही. शासनालाही अलीकडे हे पटलेले दिसते. एकाची जमीन दुसऱ्याच्या ताब्यात आणि दुसऱ्याची पहिल्याच्या, असा घोळ बारा वर्षांहून जुना असेल, तर नाममात्र १००० रुपये मुद्रांक शुल्क आणि १००० रुपये नोंदणी फी भरून जमिनींची अदलाबदल करून देणारी ‘सलोखा योजना’ महाराष्ट्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये आणली, आणि तिला सुरुवातीला दोन वर्षांची मुदतही घातली. वाद मिटवायचा तर रीत सोपी हवी, खर्च थोडा हवा आणि मुदत हवी, हे या योजनेमागचे शहाणपण घरातल्या वादांनाही लागू पडते.

आता आक्षेप पाहू. पहिला आक्षेप असा, की तिथीने होणारा सलोखा उपचाराचा असतो. हातावर तिळगूळ ठेवला आणि पोटात आकस तसाच राहिला, तर हे ढोंगच. हे ढोंग घडते यात शंका नाही. पण उपचाराचे काम मन स्वच्छ करणे हे नाहीच, दार किलकिले ठेवणे हे आहे. वर्षातून एकदा समोरासमोर आलेल्या दोन माणसांना पुढे कधी तरी मनातले बोलण्याची संधी राहते. जे एकमेकांच्या दारातच जात नाहीत त्यांना ती राहत नाही. शिवाय मन स्वच्छ होईपर्यंत न भेटण्याचा जो प्रामाणिकपणा आहे, त्याला मृत्यू थांबत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ज्याने मारहाण केली, लुबाडले, छळले, त्याच्याशीही गोड बोलायचे काय? नाही. जिथे छळ चालूच आहे तिथे सलोख्याचा उपदेश करणे म्हणजे छळणाऱ्याची बाजू घेणे होय. तिथे २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आहे, न्यायालय आहे, आणि दूर राहण्याचा अधिकार आहे. नाते टिकवण्याच्या नावाखाली अन्याय कसा पचवला जातो याचे आपल्याकडचे ढळढळीत उदाहरण म्हणजे हक्कसोडपत्र. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित संपत्तीत मुलीला मुलाइतका जन्मसिद्ध हक्क मिळाला. त्या वर्षी वडील हयात असोत वा नसोत, हा हक्क आहेच, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केले. तरी माहेर तुटू नये म्हणून बहिणी सह्या करतात. जी करत नाही तिच्याशी अबोला धरला जातो. अशा वेळी ‘जाऊ दे, मिटवून टाक’ हे वाक्य बहिणीला ऐकवायचे नसते, ते भावाला ऐकवायचे असते. म्हणून मी एक नियम सुचवतो. ज्याच्या हातात जमीन, पैसा किंवा वडीलकी अधिक आहे, त्याने आधी उठावे आणि रिकाम्या हाताने न जाता वाट्याचा कागद घेऊन जावे. न्याय बाजूला ठेवून केलेली समेट टिकत नाही, हे कोर्टांच्या आवारात रोज दिसते.

तिसरा आक्षेप: मतभेद तत्त्वाचे असतील तर? तत्त्व सोडू नये. आगरकरांनी आपली मते सोडावीत असे टिळकांच्या चाहत्यांनाही आज म्हणवणार नाही. पण मत न सोडता एकमेकांच्या आजारपणात चौकशीला जाता येते. विरोध जाहीर ठेवावा आणि ओळख चालू ठेवावी, यात विसंगती काही नाही. चौथा आक्षेप: आपण गेलो आणि त्याने दार लावून घेतले तर? तर तेवढ्यापुरते आपले काम झाले. सलोखा दोघांचा असतो, पण बोलावणे एकट्यालाही धाडता येते. पुढच्या वर्षी पुन्हा धाडावे.

शेवटचा आक्षेप तत्त्वज्ञाचा आहे. आपण असतो तेव्हा मृत्यू नसतो आणि मृत्यू येतो तेव्हा आपण नसतो, मग भ्यायचे कशाला, असा एपिक्युरसचा युक्तिवाद. मरणाऱ्यापुरता तो बिनतोड आहे. पण त्यात मागे राहणाऱ्याचा विचार नाही. कुंतीने कर्ण आपला थोरला मुलगा असल्याचे पांडवांना सांगितले ते युद्ध संपल्यावर, मेलेल्यांना पाणी देताना. खरे कळले, पण त्याचा उपयोग फक्त युधिष्ठिराचे दुःख वाढण्यात झाला. शिवाय भांडण मेलेल्याबरोबर जळत नाही, ते वारसाने पुढे जाते. दोन भावांचा बांधाचा वाद दोन सह्यांनी मिटला असता. एक भाऊ गेला की सातबाऱ्यावर त्याची बायको, मुलगे, मुली आणि हयात असल्यास आई, अशी सगळ्यांची नावे लागतात. कोणी पुण्यात, कोणी दुबईत, कोणाचे लग्न मोडलेले, कोणी कर्जात. ज्या वादाचा उगम त्यांच्यापैकी कोणीही पाहिलेला नाही, त्यावर आता सात सह्या लागतात. वेळेवर मिटवण्याचा खरा फायदा मरणाऱ्याच्या मनःशांतीपेक्षा या पुढच्या पिढीला अधिक आहे, आणि म्हणूनच ही खाजगी हौस राहत नाही, ते कर्तव्य ठरते.

तेव्हा माझी मागणी साधी आहे. अबोल्याला मुदत घाला. राग कितीही रास्त असो, तो एका वर्षाच्या पलीकडे न बोलता जाऊ देऊ नका. पुढच्या संक्रांतीच्या आत एकदा तरी निरोप गेला पाहिजे. निरोपात जुना हिशेब काढू नका, भेटीची वेळ मागा. स्वतःला जमत नसेल तर दोघांनाही मानणारा तिसरा माणूस शोधा. पूर्वी हे काम मामा, आत्या किंवा गावातले जाणते करत असत, आज कायद्याने मान्य केलेले मध्यस्थही उपलब्ध आहेत. पैशाचा किंवा जमिनीचा प्रश्न असेल तर तोंडी गोडव्यावर थांबू नका, लिहून आणि नोंदवून घ्या. मृत्युपत्र केले नसेल तर ते करा, म्हणजे तुमच्या मागे तुमची मुले एकमेकांशी बोलत राहतील. आणि ज्यांच्याशी भांडण नाही, पण निव्वळ आळसाने बोलणे थांबले आहे, त्यांच्यासाठी तर संक्रांतीपर्यंतही थांबायचे कारण नाही. सभागृहातून बाहेर पडताना तुमच्या मनात जे एक नाव आले असेल, त्या माणसाला या आठवड्यात फोन करा.